दिवाळी की दीपावली? नावाचा अर्थ आणि त्यामागचे दिवे

दिवाळीच्या नावाबद्दल मला प्रश्न एकच विचारला गेला असला तरी त्यात चार प्रश्न आहेत. ‘दिवाळी’ आणि ‘दीपावली’ यांतले शुद्ध नाव कोणते, त्याचा अर्थ काय, तो अर्थ रामाच्या अयोध्येला परतण्याशी जोडलेला आहे का, आणि वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या दिवसांपैकी नेमकी ‘दिवाळी’ कोणती? पौरोहित्य आणि संस्कृतचे अध्यापन ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि दर आश्विनात कोणी ना कोणी यजमान यांपैकी एखादा प्रश्न विचारतोच. थोडक्यात उत्तर असे की दोन्ही नावे शुद्ध आहेत, दोन्हींचा अर्थ ‘दिव्यांची ओळ’ एवढाच आहे, आणि या नावात कोणत्याही देवाचा, राजाचा किंवा विजयाचा उल्लेख नाही. ते एका कृतीचे नाव आहे. विजयादशमी म्हटले की विजय आला, रामनवमी म्हटली की राम आला. दीपावली म्हटल्यावर मात्र फक्त दिवे येतात, आणि ते कोणासाठी लावायचे हे नाव सांगत नाही. या सणाच्या अर्थाबद्दलचे बहुतेक वाद इथूनच निघतात.

आधी शब्द पाहू. ‘दीप’ आणि ‘आवली’ या दोन संस्कृत शब्दांचा हा समास आहे. ‘आवली’ म्हणजे रांग, पंक्ती. नामावली, प्रश्नावली, रत्नावली या शब्दांत ती जशीच्या तशी दिसते आणि ‘वंशावळ’ या शब्दात तिचे मराठी वळणही दिसते. संस्कृतातून प्राकृतात येताना दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो, जसा ‘ताप’चा ‘ताव’ झाला आणि ‘कपाट’चे ‘कवाड’ झाले. ‘दीप’चा ‘दीव’ आणि त्यापासून आपला ‘दिवा’ आला तो याच वाटेने. प्राकृतात या सणाचे नाव ‘दीवाली’ असे झाले. ‘दीवावली’तला एक ‘व’ गळून ते झाले म्हणा किंवा ‘आली’ या ओळीच्याच अर्थाच्या दुसऱ्या शब्दाशी समास होऊन बनलेल्या ‘दीपाली’पासून आले म्हणा, अर्थात काडीचाही फरक पडत नाही. पुढे मराठीने आपल्या सवयीप्रमाणे ‘ल’चा ‘ळ’ केला, फलाचे फळ आणि कमलाचे कमळ केले तसा, आणि ‘दिवाळी’ तयार झाली. ओळ या अर्थाच्या ‘आली’चे प्राकृतात ‘ओली’ होते, असे हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या व्याकरणात नोंदवले आहे. आपली ‘ओळ’ तिथून आलेली आहे. म्हणजे ‘दिव्यांची ओळ’ असा अर्थ सांगताना आपण मूळ समासातले दोन्ही शब्द त्यांच्या मराठी रूपांत पुन्हा उच्चारीत असतो.

लेखनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण दर वर्षी फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘शुभ दिपावली’ असे छापलेले दिसते. ‘दीपावली’ हा तत्सम शब्द असल्याने त्यातला ‘दी’ संस्कृताप्रमाणे दीर्घच राहतो. ‘दिवाळी’ हा तद्भव शब्द असल्याने त्याला मराठीचा नियम लागतो, शेवटचा ईकार दीर्घ आणि आधीचा ऱ्हस्व, म्हणून तिथे ‘दि’. ‘दिपावली’ आणि ‘दीवाळी’ ही दोन्ही रूपे मराठीत चुकीची ठरतात. ‘दीपावली’ हे ‘खरे’ नाव आणि ‘दिवाळी’ हा त्याचा अपभ्रंश, म्हणून काहीसा कमी प्रतीचा, असे मानण्याचे मात्र काही कारण नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं । तैं योगियां पाहे दिवाळी । निरंतर ॥’ असे लिहिले तेव्हा त्यांनी ‘दिवाळी’ हाच शब्द वापरला. सातशेहून अधिक वर्षे जो शब्द ग्रंथात आहे त्याला आता कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. शिवाय या ओवीत तो सणाच्या नावापलीकडे जाऊन उपमेसाठी वापरला आहे, यावरून त्या काळच्या श्रोत्यांना तो किती घरचा होता हेही कळते. दिवाळसण, दिवाळी पहाट, दिवाळी अंक हे शब्द ‘दिवाळी’पासूनच झाले, आणि १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून तर हा शब्द मराठी वाचनव्यवहाराचाच भाग झाला आहे.

हे नाव मात्र या सणाला सुरुवातीपासून नव्हते, निदान एकटे नव्हते. कामसूत्रात सणांच्या यादीत ‘यक्षरात्री’ येते, आणि हेमचंद्राच्या देशी शब्दांच्या कोशात ‘जक्खरत्ती’ या शब्दाचा अर्थ ‘दीपालिका’ असा दिला आहे. यक्ष म्हणजे कुबेराचे अनुचर, धनाचे राखणदार. लक्ष्मीपूजनात आजही कुबेराचे नाव घेतले जाते ते आठवले म्हणजे ही संगती लागते. काश्मीरच्या नीलमतपुराणात याच अमावास्येच्या सणाला ‘सुखसुप्तिका’ म्हटले आहे, म्हणजे सुखाची झोप. दैत्यांचे भय गेल्यामुळे या रात्री विष्णू निश्चिंत झोपला आणि लक्ष्मी कमळात विसावली, अशी त्याची उपपत्ती इतर निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्रातली वचने एकत्र करणाऱ्या ग्रंथांत, दिली आहे. ‘सुखरात्री’ हे नावही त्याच कुळातले. नीलमताने दिवे कुठे लावायचे त्याची यादी दिली आहे ती पाहण्यासारखी आहे. देवालये, चव्हाटे, स्मशाने, नद्या, डोंगर, घरे, झाडांचे बुंधे, गोठे, अंगणे आणि दुकाने, असा सगळा गाव त्यात येतो. आज आपण दिवाळीत स्मशानात दिवा लावायचे नाव काढत नाही, परंतु त्या यादीत घर आणि स्मशान एकाच दमात आले आहे.

प्रतिपदेला ‘कौमुदी’ असेही नाव होते, आणि पुराणकारांनी त्याची फोड ‘कु’ म्हणजे पृथ्वी आणि ‘मुद्’ म्हणजे आनंद अशी केली आहे. ही फोड व्याकरणाने टिकणारी नाही, कारण कौमुदीचा संबंध चंद्रविकासी कुमुदाशी आहे. पण ती करणाऱ्याला त्या दिवशी पृथ्वीवर आनंद पसरतो हे सांगायचे होते, आणि ते त्याने सांगितले. अशा फोडी पुराणांत जागोजागी आहेत. त्यांना व्युत्पत्ती न समजता स्तुती समजावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

‘दीप’ हा शब्द नावात असलेला जुना आणि निश्चित उल्लेख सातव्या शतकात हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात सापडतो. तिथे नाव आहे ‘दीपप्रतिपदुत्सव’. या उत्सवानिमित्त नायिका मलयवतीच्या माहेरून नवे जावई जीमूतवाहन यांच्यासाठी तांबड्या वस्त्रांची जोडी भेट म्हणून पाठवली जाते. गरुडाला बळी जाणाऱ्या नागाने अंगावर तांबडे वस्त्र घ्यायचे असते. जीमूतवाहनाला शंखचूड नावाच्या नागाच्या जागी स्वतः जायचे असते, आणि ऐन वेळी हातात आलेली ही सणाची भेटच त्याला वध्यचिन्ह म्हणून उपयोगी पडते. नाटककाराने कथानकाची एवढी महत्त्वाची कळ या भेटीवर बसवली, याचा अर्थ दिवाळीला लेक-जावयाला कापड पाठवण्याची रीत त्याच्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागत नव्हती. दिवाळसणाला सासऱ्याच्या खिशाला चाट बसते ती तेराशे वर्षांहून जुनी आहे, एवढे समाधान सासरेमंडळींनी मानायला हरकत नाही.

त्यानंतरचे उल्लेख ओळीने येतात. जिनसेनाच्या ‘हरिवंशपुराण’ या जैन ग्रंथात, शके ७०५ म्हणजे इ.स. ७८३ मध्ये, ‘दीपालिका’ हे नाव येते. महावीरांचे पावा येथे निर्वाण झाले तेव्हा दिव्यांच्या रांगांनी ती नगरी उजळली आणि तेव्हापासून भारतात लोक दर वर्षी प्रसिद्ध दीपालिकेने त्यांचे पूजन करू लागले, असे तो सांगतो. त्याहून जुन्या कल्पसूत्रात हा प्रसंग आहे, नाव नाही. मल्ल आणि लिच्छवी यांचे अठरा गणराजे तिथे म्हणतात की भावाचा, म्हणजे ज्ञानाचा, प्रकाश गेला, आता आपण द्रव्याचा, म्हणजे दिव्यांचा, प्रकाश करू. सोमदेवाच्या ‘यशस्तिलक’ चंपूत, इ.स. ९५९ मध्ये, दीपोत्सवाचे वर्णन आहे. अल्बेरुनी या मध्य आशियातून आलेल्या विद्वानाने इ.स. १०३०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात हा सण नावानिशी नोंदवला आहे. लोक पहाटे स्नान करून सणाचे कपडे घालतात, एकमेकांना विडे-सुपाऱ्या देतात आणि रात्री सगळीकडे एवढे दिवे लावतात की हवा लख्ख होते, असे तो लिहितो. आणि कारण काय सांगतो, तर वासुदेवाची पत्नी लक्ष्मी या दिवशी वर्षातून एकदा विरोचनाचा पुत्र बली याला सातव्या पाताळातून मोकळे करते, म्हणून या सणाला ‘बलिराज्य’ म्हणतात. पंधराव्या शतकात निकोलो कॉन्टी या इटालियन प्रवाशाने विजयनगरच्या वर्णनात देवळांत आणि छपरांवर तिळाच्या तेलाचे अगणित दिवे रात्रंदिवस जळताना नोंदवले आहेत.

एवढ्या नावांतून ‘दीपावली’ हेच का टिकले, याचे ग्रंथात दिलेले उत्तर मला माहीत नाही, पण अनुमान करता येते. ‘यक्षरात्री’ यक्षांना मानणाऱ्यांची, ‘बलिराज्य’ बळीची कथा ठाऊक असणाऱ्यांचे, ‘दीपप्रतिपदा’ एकाच तिथीची. दिव्यांची ओळ मात्र जैन श्रावकाच्या दारात होती, वैष्णवाच्या देवळात होती, वाण्याच्या दुकानात होती आणि गोठ्यातही होती. प्रत्येकाचे कारण वेगळे आणि कृती एकच, म्हणून कृतीचे नाव सगळ्यांना चालले.

आता ते दिवे कोणासाठी, हा या विषयाचा गाभा आहे. दिवाळीचा अर्थ विचारला की आजकाल ‘अंधारावर प्रकाशाचा, असत्यावर सत्याचा विजय’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, परंतु कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) किंवा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) हे सण-व्रतांचे निर्णय देणारे ग्रंथ उघडून बसले की वेगळेच चित्र दिसते. तिथे दिवा ही कोणाला तरी द्यायची वस्तू आहे. त्यासाठी शब्दही ‘दीपदान’ हाच आहे, आणि दान म्हटले की घेणारा आलाच.

पहिला घेणारा यम. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला घराबाहेर यमासाठी दिवा ठेवतात. आपल्याकडे कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे तोंड करून लावतात. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेकडे करीत नाहीत, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या दिवशी दिशेबद्दल फार काटेकोर असतात. मंत्रात प्रार्थना आहे ती पाश आणि दंड धारण करणारा सूर्यपुत्र यम या दीपदानाने प्रसन्न व्हावा अशी. अपमृत्यू टळावा हा हेतू. सोनेखरेदीचा मुहूर्त म्हणून हा दिवस आज गाजतो, परंतु निर्णयग्रंथांच्या दृष्टीने या तिथीचे मुख्य कर्म यमदीपदान हेच आहे. वैद्यमंडळी याच दिवशी धन्वंतरीचे पूजन करतात.

दुसरा दिवा तर अनेकांना अवघडल्यासारखे करतो. नरकचतुर्दशीला चार वातींचा दिवा लावायचा असतो, आणि त्याचा मंत्र असा: ‘दत्तो दीपश्चतुर्दश्यां नरकप्रीतये मया । चतुर्वर्तिसमायुक्तः सर्वपापापनुत्तये ॥’ चतुर्दशीला चार वातींनी युक्त असा हा दिवा मी सर्व पापे दूर व्हावीत म्हणून नरकाच्या प्रीतीसाठी दिला आहे. ज्याला मारल्याचा आनंद आपण पहाटे अभ्यंगस्नान करून आणि कोकणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून साजरा करतो, त्याच नावाच्या प्रीतीसाठी दिवा? इथला नरक म्हणजे असुर नसून यमलोक आहे, असे समजून घेता येते, आणि त्याच दिवशी यमाच्या चौदा नावांनी तर्पण करायला सांगितले असल्यामुळे ते समजणे मला योग्य वाटते. तरीही शब्द ‘नरकप्रीतये’ आहे, ‘नरकनाशाय’ नाही, आणि तो तसाच म्हटला जातो.

तिसरे घेणारे पितर. ‘तुलासंस्थे सहस्रांशौ प्रदोषे भूतदर्शयोः । उल्काहस्ता नराः कुर्युः पितॄणां मार्गदर्शनम् ॥’ सूर्य तूळ राशीत असताना चतुर्दशीला आणि अमावास्येला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळी, लोकांनी हातात चुडी, म्हणजे पेटत्या मशाली, घेऊन पितरांना वाट दाखवावी, असे हे वचन आहे. महालयात, म्हणजे भाद्रपदाच्या वद्य पक्षात, यमलोक सोडून जे पितर इकडे आले त्यांना परतीची वाट उजेडात दिसावी, असा पुढचा मंत्र आहे. पितृपक्षात बोलावलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायचा राहून गेला होता, तो दिवाळीत दिला जातो. ओडिशात आजही अमावास्येच्या संध्याकाळी काड्या पेटवून ‘बडबडुआ’, म्हणजे वाडवडील, यांना हाक मारून परत जायला सांगतात. महाराष्ट्रात चुडी गेल्या. आकाशकंदिलाला मात्र ‘आकाशदीप’ या नावाने कार्तिकात उंचावर दिवा टांगण्याच्या विधीचा वारसा आहे. शोभेचा कंदील लावताना पितर कोणाला आठवत नाहीत, आणि त्यात दोष देण्यासारखे काही नाही. पण दिवा उंच का टांगतात याचे जुने उत्तर मागितले तर ते आकाशातून जाणाऱ्याला दिसावा, असे आहे.

लक्ष्मीसाठीचे दिवे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. अमावास्येला प्रदोषकाळी तिचे पूजन, आणि ती ज्या घरात उजेड व स्वच्छता असेल तिथे येते हा भाव. त्याची दुसरी बाजू म्हणजे अलक्ष्मीला घालवणे. मध्यरात्री बायकांनी सुपे आणि डिंडिम वाजवीत तिला अंगणाबाहेर काढावे, असे पुराणवचन निबंधग्रंथांत दिले आहे. आपल्याकडे त्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि तिलाच ‘लक्ष्मी’ म्हणतात. केर काढणारे साधन ते लक्ष्मी, हे समीकरण कोणत्याही निरूपणापेक्षा स्पष्ट आहे.

राहिला बळी. वामनाने तीन पावलांत सर्वस्व घेतल्यावर बळीने मागितलेला वर धर्मशास्त्रकारांनी नोंदवला आहे: या तीन दिवसांत, चतुर्दशी, अमावास्या आणि प्रतिपदा, पृथ्वीवर माझे राज्य असावे, जो या दिवसांत दीपदान करील त्याला यमयातना होऊ नयेत आणि त्याचे घर लक्ष्मीने सोडू नये. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाच रंगांनी बळीचे आणि त्याची पत्नी विंध्यावली हिचे चित्र काढून पूजा करायची, ती या मंत्राने: ‘बलिराज नमस्तुभ्यं विरोचनसुत प्रभो । भविष्येन्द्र सुराराते पूजेयं प्रतिगृह्यताम् ॥’ यातली दोन संबोधने नीट वाचावीत. ‘सुराराते’ म्हणजे देवांच्या शत्रो, आणि ‘भविष्येन्द्र’ म्हणजे पुढे इंद्र होणाऱ्या. पुढच्या सावर्णी मन्वंतरात, म्हणजे पुढच्या मनूच्या काळात, इंद्रपद बळीकडे जाणार आहे, हे पुराणांनी मान्य केलेले आहे. म्हणजे देवांचा शत्रू म्हणून त्याची ओळख लपवलेली नाही आणि त्याच श्वासात त्याला भावी देवराज म्हटले आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणून ओवाळणाऱ्या मराठी बाईने हाच मंत्र आपल्या भाषेत म्हटलेला असतो. शेतकऱ्याला आपण ‘बळीराजा’ म्हणतो, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा म्हणून मांडले, तेव्हा त्यांच्यामागे ही लोकस्मृती होती.

हे सगळे एकत्र पाहिल्यावर ‘सुष्टाचा दुष्टावर विजय’ हे सूत्र या सणाला पुरत नाही, असे माझे मत आहे. यम, नरक, पितर आणि बळी, म्हणजे मृत्यू, पाताळ, गेलेले आणि हरलेले, यांना या दिवसांत दिवा देऊन त्यांचा मान ठेवला जातो, आणि लक्ष्मी त्याच दिव्यांच्या उजेडात घरात येते. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ हे वचन शुभेच्छापत्रांवर शोभते, पण ते बृहदारण्यक उपनिषदातले आहे, तिथे ते सोमयागातल्या पवमान स्तोत्रांच्या संदर्भात जपायला सांगितले आहे, आणि दिवाळीशी त्याचा मूळचा संबंध नाही. ते म्हणू नये असे मी सुचवत नाही. फक्त ‘दिवाळीचा मंत्र’ म्हणून ते सांगू नये. तीच गोष्ट ‘पावसाळ्यानंतरचे किडे मरावेत म्हणून पूर्वजांनी दिवे लावायला सांगितले’ या खुलाशाची. निबंधग्रंथांनी दिव्यांची जी कारणे दिली आहेत ती वर सांगितली. त्यांना अशा टेकूची गरज नाही.

रामाबद्दलचा प्रश्न बहुधा उत्तरेकडचे काही वाचून विचारला आहे. उत्तर भारतात राम चौदा वर्षांनी अयोध्येला परतला तेव्हा लोकांनी दिवे लावले, ती दिवाळी, असे मानतात, आणि ती श्रद्धा तिथे खोलवर रुजलेली आहे. वाल्मीकिरामायणात मात्र कार्तिकाची किंवा आश्विनाची अमावास्या नाही. ‘पूर्णे चतुर्दशे वर्षे पञ्चम्यां लक्ष्मणाग्रजः’ असे म्हणून, चौदावे वर्ष पुरे झाल्यावर पंचमीला राम भरद्वाजांच्या आश्रमात पोचला असे युद्धकांडात सांगितले आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुष्य नक्षत्राच्या योगावर भरताची भेट होईल असा निरोप हनुमान देतो. पंचमीचा दुसरा दिवस म्हणजे षष्ठी. अमावास्येशी त्याचा मेळ बसत नाही. वर दिलेल्या जुन्या उल्लेखांतही दिव्यांचे कारण म्हणून राम येत नाही. तेव्हा ‘दिवाळीचा मूळ अर्थ रामाचे पुनरागमन’ असे म्हणता येणार नाही. ‘उत्तरेत दिवाळी रामाच्या पुनरागमनाची म्हणून साजरी होते’ असे म्हणावे, ते अचूक आहे. शिखांसाठी हाच काळ गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटून आल्याच्या स्मरणाचा ‘बंदी छोड दिवस’ आहे, बंगालात ती कालीपूजेची रात्र आहे. कृतीच्या नावाला अशी नवी कारणे जोडली गेली की जुनी खोटी ठरत नाहीत.

‘नेमकी दिवाळी कोणती’ याचे उत्तर प्रदेशाप्रमाणे बदलते. उत्तरेत दीपावली म्हणजे अमावास्येची लक्ष्मीपूजनाची रात्र. तामिळनाडूत दीपावळी म्हणजे चतुर्दशीची पहाट. तेल लावून स्नान झाले की लोक एकमेकांना ‘गंगास्नान झाले का’ असे विचारतात, आणि दिव्यांची मोठी आरास तिथे पुढे कार्तिकै दीपम्‌ला होते. या चौकशीमागे ‘तैले लक्ष्मीर्जले गङ्गा’ हे वचन आहे: दीपावलीच्या चतुर्दशीला तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा असते. चतुर्दशी ‘दीपावलीची’ असे इथे म्हटले आहे, म्हणजे वचनकर्त्याला दीपावली हा अनेक तिथींचा समूह अभिप्रेत होता. महाराष्ट्राची समजूत याच वचनाला धरून आहे. आपल्याकडे नरकचतुर्दशी ही ‘दिवाळीची पहिली आंघोळ’, पाडवा हाही ‘दिवाळीचा पाडवा’, आणि वसुबारस ते भाऊबीज हा सगळा काळ ‘दिवाळी’. वसुबारसेलाही आपल्याकडे दोन चेहरे आहेत. बहुतेक ठिकाणी सवत्स धेनूची पूजा होते, तर अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरांतले महादेव कोळी आणि ठाकर त्याच तिथीला ‘वाघबारस’ म्हणून वाघोबाला पूजतात. म्हणून मराठीत कोणी ‘दिवाळी कधी आहे’ असे विचारले तर एक तारीख सांगता येत नाही, आणि उत्तरेकडचा मित्र एकच तारीख सांगतो तेव्हा तो चुकलेला नसतो.

महिन्याच्या नावाचा घोळही याच ठिकाणी होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून लक्ष्मीपूजनाची रात्र आपल्याकडे आश्विन अमावास्या आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच रात्र कार्तिक अमावास्या होते. ग्रंथात ‘कार्तिके कृष्णपक्षे’ असे वाचून महिनाभर पुढे पाहू नये. ‘देवदिवाळी’ हे नावही दोन तिथींना लागते: काशीत देवदीपावली कार्तिकी पौर्णिमेला असते, जिला आपण त्रिपुरी पौर्णिमा म्हणून देवळांच्या दीपमाळा पेटवतो, तर आपल्या पंचांगांत देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला दिलेली असते.

‘दिवाळे’ या शब्दाबद्दलही हमखास विचारणा होते. कर्ज फेडता न येणाऱ्या व्यापाऱ्याने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, म्हणजे लोकांनी समजायचे, अशी जुनी प्रथा सांगितली जाते, आणि ‘दिवाळे’ त्या दिव्यावरून आले असे मानतात. सणाशी त्याचे नाते दिव्यापुरतेच आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो शब्द उच्चारू नये ही दुकानदारांची दक्षता समजण्यासारखी असली तरी भाषेच्या दृष्टीने अनावश्यक आहे.

शेवटी पत्रिका आणि निमंत्रणे यांपुरते एक व्यवहाराचे. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरला सूर्यास्तानंतर लगेच संपली. रात्रभर अमावास्या हवी म्हणणाऱ्या काशीतील अनेक पंडितांनी ३१ ऑक्टोबर धरली. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्येचा स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या मताने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले. २०२५ मध्येही अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारपासून २१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत असल्याने तसाच फरक पडला. दोन्ही निर्णयांना वचनांचा आधार आहे, त्यामुळे आपल्या प्रदेशाचे आणि घराण्याचे पंचांग धरावे. निमंत्रणावर नुसते ‘दिवाळीनिमित्त’ न लिहिता ‘लक्ष्मीपूजन’, ‘पाडवा’ किंवा ‘भाऊबीज’ असे त्या दिवसाचे नाव आणि पुढे तारीख लिहावी, म्हणजे परप्रांतातला पाहुणा एक दिवस आधी दारात उभा राहणार नाही.